सातवा क्रमांक आणि त्यानंतरची बेचाळीस वर्षे

1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये भारताला एकही पदक मिळाले नाही. मिळाले ते दोन सातवे क्रमांक. पहिला हॉकीचा. 1928 पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये ज्या खेळाने पदक आणले होते त्यात आपला संघ सातवा आला आणि देशावर अवकळा पसरली. कृत्रिम गवतावर ऑलिम्पिक हॉकी खेळली जाण्याची ती पहिलीच वेळ होती. दुसरा सातवा क्रमांक पुरुषांच्या 800 मीटर शर्यतीतला होता आणि तो मिळवला होता राजपुताना रायफल्सच्या श्रीराम सिंग यांनी. एका सातव्या क्रमांकाचे सुतक आपण आजही विसरलेलो नाही. दुसरा सातवा क्रमांक आपल्या क्रीडा इतिहासातल्या सर्वांत मोठ्या कामगिऱ्यांपैकी एक आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊकसुद्धा नाही.

25 जुलै 1976 ची ती शर्यत आधी नीट पाहिली पाहिजे. अंतिम फेरीत आठ जण होते. क्युबाचा अल्बर्तो हुआंतोरेना, अमेरिकेचा रिक वोलह्यूटर, बेल्जियमचा इवो व्हान डाम, आणि चार वर्षांनी मॉस्कोत याच अंतराचे सुवर्ण जिंकणारा ब्रिटनचा स्टीव्ह ओव्हेट. दक्षिण आफ्रिकेशी रग्बी खेळणाऱ्या न्यूझीलंडच्या निषेधार्थ आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकल्याने केनियाचा माइक बॉइट या रांगेत नव्हता. हुआंतोरेना मुळात 400 मीटरचा धावपटू. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुढे त्याने 400 मीटरचेही सुवर्ण जिंकले. ही दोन्ही अंतरे एकाच ऑलिम्पिकमध्ये जिंकणारा तो आजवरचा एकमेव पुरुष आहे. दोन फेऱ्यांच्या या शर्यतीला पूर्ण वेगाच्या धावेचे रूप येऊ लागले ते त्याच दिवसांत. आणि त्या दिवशी पहिल्या फेरीला तो वेग दिला श्रीराम सिंग यांनी.

बंदूक वाजली, धावपटू आपापल्या लेनमधून आतल्या कडेला आले आणि सगळ्यांच्या पुढे भारतीय जवान दिसू लागला. पहिली 400 मीटरची फेरी त्यांनी 50.85 सेकंदांत संपवली. मागून हुआंतोरेना सावलीसारखा येत होता. दुसऱ्या फेरीत त्याने श्रीराम सिंग यांना मागे टाकले आणि 1 मिनिट 43.50 सेकंदांचा नवा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतले. व्हान डाम दुसरा, वोलह्यूटर तिसरा. श्रीराम सिंग 1:45.77 वेळेत सातवे आले. सहाव्या क्रमांकावरचा युगोस्लाव्हियाचा लुचियानो सुशान आणि ते यांच्यात फक्त दोन शतांश सेकंदांचे अंतर होते. या वेळेने आशियाई विक्रम झाला. प्राथमिक फेरीत 1:45.86 असा विक्रम त्यांनी आधीच केला होता. अंतिम फेरीत तो पुन्हा मोडला. विश्वविक्रमाला पहिल्या फेरीच्या वेगाचा हात लागला, हे हुआंतोरेनाने पुढे मोकळेपणाने मान्य केले.

आज डायमंड लीगसारख्या स्पर्धांत विक्रमासाठी वेग लावून देणारा धावपटू पैसे देऊन उभा केला जातो. तो ठरलेले अंतर धावून बाजूला होतो. श्रीराम सिंग बाजूला झाले नाहीत. शरीराने साथ सोडल्यावरही शेवटच्या रेषेपर्यंत धावले, आणि तरीही आशियात तोवर कोणी धावले नव्हते इतके वेगाने धावले. 800 मीटरमध्ये साधारण 600 मीटरनंतर काय होते हे धावणाऱ्यालाच कळते. स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरत नाही, मांड्या जड होतात, पाऊल आखडते, हात मागेपुढे न होता आडवे फिरायला लागतात. पहिली फेरी जितकी महाग, तितका शेवटच्या दोनशे मीटरचा हिशेब कडक. त्यांची दुसरी फेरी पहिलीपेक्षा चार सेकंदांहून अधिक हळू होती. डावपेच म्हणून पाहिले तर ही चूक वाटेल.

मला ती चूक वाटत नाही. ज्याला देशात बरोबरीने धावणारा कोणी नाही, युरोपातल्या धक्काबुक्कीच्या शर्यती ज्याच्या वाट्याला वर्षभर येत नाहीत, तो घोळक्यात थांबून नेमक्या क्षणी बाहेर पडायला कुठे शिकणार? त्याच्याजवळ एकच अस्त्र असते, स्वतःचा वेग. ते त्यांनी जगातल्या सर्वोत्तम सातजणांसमोर कसलीही राखण न ठेवता वापरले.

श्रीराम सिंग यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1948 चा. जयपूरकडच्या मुलखातले बडनगर हे त्यांचे गाव. लष्करात भरती होणे या भागात घराण्याची रीत असल्यासारखे चालत आलेले आहे. 1968 मध्ये ते राजपुताना रायफल्समध्ये दाखल झाले. तिथे त्यांची गाठ प्रशिक्षक इलियास बाबर यांच्याशी पडली. श्रीराम सिंग तोवर 400 मीटर धावत होते. बाबर यांनी त्यांना 800 मीटरकडे वळवले. धावपटूच्या आयुष्यात असा एक माणूस भेटतो की नाही, यावर सगळे अवलंबून असते. 1970 च्या बँकॉक आशियाई खेळांत रौप्य, 1972 ला म्युनिक ऑलिम्पिक, 1974 मध्ये तेहरानला सुवर्ण, 1978 मध्ये पुन्हा बँकॉकला सुवर्ण, 1980 मध्ये मॉस्को. 1973 चा अर्जुन पुरस्कार आणि 1974 ची पद्मश्री. याच बाबर यांच्या हाताखालून चार्ल्स बोरोमियो घडले, ज्यांनी 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत 800 मीटरचे सुवर्ण जिंकले. गीता झुत्शीही त्यांच्याच शिष्या.

आणि या सगळ्यांचा सराव होत होता मातीच्या, राखेच्या ट्रॅकवर. भारतात सिंथेटिक ट्रॅक आला तो 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांच्या निमित्ताने. म्हणजे ज्या पृष्ठभागावर ऑलिम्पिक होणार त्याची पायाला सवय होण्याची सोय देशात नव्हती. हॉकीवाल्यांचे दुखणे आणि धावपटूंचे दुखणे एकच होते. फरक एवढाच की हॉकीत आपण वरून खाली आलो होतो म्हणून ते दिसले, आणि धावण्यात आपण खालून वर चढलो होतो म्हणून कोणाच्या नजरेत भरले नाही.

श्रीराम सिंग ज्या मुलखातले, त्या जयपूरची खेळातली जुनी ओळख पोलोची. महाराजा सवाई मानसिंग दुसरे जगातल्या नामवंत पोलोपटूंपैकी एक होते. त्यांच्याच नावाचे स्टेडियम आज शहरात आहे, आणि आयपीएलमुळे ते देशाला क्रिकेटसाठी माहीत आहे. पण त्याच शहराने भारतीय धावण्याला गोपाल सैनी दिले. 1981 मध्ये टोकियोच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सैनी यांनी 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 30.88 सेकंदांत धावली. अठ्ठावीस वेळा अडथळा ओलांडायचा आणि सात वेळा पाण्यात उतरायचे, अशी ही शर्यत. तिथला त्यांचा राष्ट्रीय विक्रम 37 वर्षे टिकला. श्रीराम सिंग यांचा 42 वर्षे टिकला. दोघांचे विक्रम मोडले ते एकाच वर्षी, 2018 मध्ये. जूनमध्ये गुवाहाटीला जिन्सन जॉन्सनने 800 मीटर 1:45.65 वेळेत धावून श्रीराम सिंग यांना मागे टाकले. सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या, मांडवा गावच्या अविनाश साबळेने 8:29.80 वेळ देऊन सैनी यांचा विक्रम मागे टाकला.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. इतकी वर्षे टिकलेल्या विक्रमाबद्दल आपण अभिमानाने बोलतो. वर्तमानपत्रांत ‘अबाधित’, ‘अजिंक्य’ असे शब्द छापतो. हे शब्द ज्या धावपटूसाठी वापरले जातात त्याच्यासाठी खरे आहेत. देशासाठी ते लाजिरवाणे आहेत. श्रीराम सिंग 1976 मध्ये विश्वविक्रमापासून सव्वादोन सेकंद मागे होते. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने 2012 मध्ये लंडनला 1:40.91 चा विश्वविक्रम केला. म्हणजे 2018 मध्ये जिन्सनने भारतीय विक्रम मोडला त्या दिवशीसुद्धा आपण जगापासून पावणेपाच सेकंद मागे होतो. बेचाळीस वर्षांत आपला विक्रम सेकंदाचा बारा शतांश भाग पुढे सरकला, आणि जगाशी असलेले अंतर दुपटीहून जास्त झाले.

हे फक्त 800 मीटरचे नाही. त्याच मॉन्ट्रियलमध्ये हरिचंद यांनी 10 हजार मीटर 28:48.72 वेळेत धावून राष्ट्रीय विक्रम केला. तो सुरेंद्र सिंगने मोडेपर्यंत 32 वर्षे गेली. शिवनाथ सिंग मॉन्ट्रियलच्या मॅरेथॉनमध्ये अकरावे आले, आणि 1978 मध्ये जालंधरला त्यांनी नोंदवलेला 2 तास 12 मिनिटांचा विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणालाही गाठता आला नाही. मिल्खा सिंग यांची 1960 च्या रोममधली 400 मीटरची वेळ मागे पडायला 38 वर्षे लागली. पी. टी. उषा यांनी 1984 मध्ये लॉस एंजेलिसला 400 मीटर अडथळा शर्यतीत 55.42 वेळ दिली आणि एक शतांश सेकंदाने कांस्य हुकले. त्या वेळेची बरोबरी करायला 2023 मध्ये हांगझोऊत विद्या रामराज यावी लागली.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: ती माणसेच अलौकिक होती, तशी पुन्हा जन्माला येत नाहीत. हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. अलौकिक माणसे ट्रॅकवर ठरावीक दशकातच जन्म घेतात आणि पुढची चार दशके घेत नाहीत, असे कसे असेल? त्या उत्तराचे सर्वांत स्पष्ट खंडन अविनाश साबळेने केले आहे. सैनी यांच्यापेक्षा तो पहिल्यांदा सेकंदभरच पुढे गेला होता. मग 2019 मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत 8:21.37, टोकियो ऑलिम्पिकमध्ये 8:18.12, 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 आणि रौप्यपदक, जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91. जे अंतर 37 वर्षांत कापता आले नव्हते त्याच्या कित्येक पट अंतर एका माणसाने सहा वर्षांत कापले. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांचा हा मुलगा, रोज सहा किलोमीटरवरच्या शाळेत जाणारा. मग 5 महार रेजिमेंट, सियाचीनची बर्फातली नेमणूक, त्यानंतर राजस्थानचे वाळवंट. साबळेचे शरीर सैनी यांच्या शरीरापेक्षा वेगळ्या मातीचे नाही. वेगळे आहे ते त्याला मिळालेले: शास्त्रशुद्ध प्रशिक्षक, अमेरिकेतल्या उंच प्रदेशातला सराव, आणि वर्षातून अनेकदा जगातल्या अव्वल धावपटूंच्या खांद्याला खांदा लावून धावण्याची संधी. यांतले काहीही सैनी किंवा श्रीराम सिंग यांना सलग मिळाले नव्हते. 800 मीटरमध्येही 2025 मध्ये मोहम्मद अफसलने पोलंडमध्ये 1:45 ची भिंत ओलांडली, तीही परदेशातल्या कसदार शर्यतीत.

मग मधल्या चार दशकांत काय बिघडले? पैसा नव्हता हे खरे, पण पुरेसे नाही. 1976 मध्ये तर त्याहून कमी होता. मला वाटते, आपण ध्येय लहान केले. आशियाई खेळांतले पदक हेच शिखर ठरले. आशियाई पातळीवर 800 मीटरचे सुवर्ण डावपेचाने, संथ पहिली फेरी धावून, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये झेप घेऊन जिंकता येते. त्यासाठी 1:45 ची गरज नसते. पदक आले की नोकरीत बढती, जमीन, रोख रक्कम. वेळ सुधारली म्हणून कोणाच्या घरी पेढे वाटले जात नाहीत. स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीने हजारो खेळाडूंची चूल पेटवली, ते मी मनापासून मानतो. पण नोकरी मिळणे हा अनेकांसाठी धावण्याचा शेवट झाला, हेही तितकेच खरे. पंचविशीत, म्हणजे 800 मीटरचा धावपटू परिपक्व होऊ लागतो त्याच वयात, तो कार्यालयात हजेरी लावू लागतो. श्रीराम सिंग मॉन्ट्रियलला सत्तावीस वर्षांचे होते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. भारतात गरीब घरच्या मुलाला धावण्याच्या जोरावर वर चढायला एकच भक्कम शिडी होती, ती लष्कराची. मिल्खा सिंग लष्करातले, श्रीराम सिंग लष्करातले, जिन्सन आणि साबळेही लष्करातलेच. तिथे जेवण असते, बूट असतात, सकाळी उठवणारा असतो, आणि मुख्य म्हणजे ‘यातून काय मिळणार?’ असे विचारणारे घर काही काळ दूर असते. शिडी एकच असेल तर तिच्या पायरीवर ज्यांचे पाऊल पडत नाही ते कायमचे खाली राहतात. मुलींसाठी ही शिडी जवळजवळ नव्हतीच. त्यांना रेल्वेने आधार दिला. माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर रेल्वेत होती, म्हणून 2016 मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचून दहावी येऊ शकली. तिच्याही त्या दहाव्या क्रमांकाची आपण पुरेशी दखल घेतली नाही.

खरे तर या देशाच्या संघटित ऑलिम्पिक धावण्याची सुरुवात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या अनवाणी पावलांनी झाली. 1919 मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत गावाकडची पोरे ज्या वेगाने धावली तो पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले, आणि त्यांच्या पुढाकारातून 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय पथक गेले. बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. टाटांनी काही नवे निर्माण केले नव्हते. जे समोर धावत होते ते त्यांनी नीट पाहिले, घड्याळ लावले आणि पुढची वाट मोकळी केली.

लष्कराच्या शिडीबद्दल आज एक काळजीही आहे. 2022 पासून अग्निपथ योजनेत जवानाची सेवा चार वर्षांची झाली; त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतात. खेळाडूंच्या भरतीची वेगळी दारे लष्कराने ठेवली आहेत. पण साबळे खेळाडू म्हणून भरती झालाच नव्हता. तो साधा जवान म्हणून गेला आणि नंतर क्रॉसकंट्रीत सापडला. श्रीराम सिंग यांना भरतीपासून ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत आठ वर्षे लागली. चार वर्षांत असा माणूस सापडायचा, घडायचा आणि टिकायचा कसा, याचे उत्तर योजना आखणाऱ्यांनी दिले पाहिजे.

आणि तरीही मला आशा वाटते ती एका रोजच्या दृश्यामुळे. महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाचला जा. डांबरी रस्त्याच्या कडेने मुले-मुली धावत असतात. भरतीची तयारी चाललेली असते. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. होय, तेच अंतर, ज्यात श्रीराम सिंग सातवे आले. जयपूरच्या आसपासच्या खेड्यांतही हेच चालते. तिथली मुले फौजेच्या 1.6 किलोमीटरसाठी पळत असतात. लाखो तरुण पायांची वेळ दरवर्षी सरकारी मैदानांवर मोजली जाते, अनेक ठिकाणी आता पायाला चिप बांधून, दशांश सेकंदापर्यंत. पात्र की अपात्र एवढे ठरले की तो आकडा फाईलमध्ये जातो आणि संपतो. देशात इतकी मोठी धावण्याची चाचणी दुसरी होत नाही, आणि तिच्या कडेला अॅथलेटिक्सचा एकही प्रशिक्षक उभा नसतो. एखाद्या मुलीने विना स्पाइक्स, उपाशीपोटी, मातीवर 800 मीटर थक्क करणाऱ्या वेळेत मारले, तर तिला शिपाईपद मिळेल, ही चांगलीच गोष्ट आहे; पण ती काय करून गेली हे तिला स्वतःलाही कोणी सांगणार नाही.

म्हणून राज्याच्या गृह खात्याला आणि क्रीडा खात्याला माझे मागणे साधे आहे. प्रत्येक भरतीनंतर धावण्यातल्या पहिल्या शंभर मुलांची आणि पहिल्या शंभर मुलींची वेळेसह यादी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे द्या. त्यांना नोकरी लागो वा न लागो, एकदा ट्रॅकवर बोलवा, चांगले बूट द्या आणि जाणत्या प्रशिक्षकासमोर पुन्हा धावायला लावा. ज्यांच्यात दम दिसेल त्यांना नोकरीत घेऊन सरावासाठी मोकळे ठेवा, आणि वर्षातून निदान दोनदा त्यांच्यापेक्षा वेगवान लोकांसोबत परदेशी धावायला पाठवा. राजस्थाननेही आपल्या भरती मैदानांवर हेच करावे. याला नवे स्टेडियम लागत नाही, नवा कायदा लागत नाही. पुढची पोलीस भरती निघेल तेव्हा या यादीने सुरुवात करा.